कुंडीतील चिलटे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या दिवशी आपल्यापैकीच कोणीतरी घरगुती उपयोगाच्या विषयावर चार शब्द बोलावेत असे ठरले, आणि ते काम माझ्या वाट्याला आले. मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. सभेत उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. पण परसातल्या भाजीची आणि कुंड्यांची सवय वीस-बावीस वर्षांची आहे, तेव्हा त्यातलाच एक विषय घेते. विषय तिळाएवढा आहे, म्हणजे अगदी खरोखरच तिळाएवढा! कुंडीला पाणी घालायला गेले की मातीवरून भुर्रकन उठणारी ती बारीक काळी चिलटे, त्यांच्याविषयी मी बोलणार आहे.

कोणी म्हणेल, एवढ्याशा चिलटाचे काय घेऊन बसलात? तर त्याचे कारण आधी सांगते. आपला शिरपामाळ मोठ्या नावाचा. सन १६६४ च्या सुरतेच्या स्वारीला जाताना शिवाजी महाराज इथे थांबले, जव्हारच्या राजाने त्यांना शिरपेच देऊन त्यांचा मान केला, आणि त्यावरून माळाला हे नाव पडले, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण भाजीपाल्याला हे नाव उपयोगी पडत नाही. माळ तो माळच. मातीचा थर पातळ, खाली मुरूम आणि कातळ. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस कोसळायचा आणि शिमगा झाला की हंडे घेऊन रांगेत उभे राहायचे. म्हणून आपण बायका काय करतो? पोती, फुटके माठ, तेलाचे डबे, कुंड्या, जे मिळेल त्यात शेणखत आणि पालापाचोळा भरतो आणि दाराशीच मिरची, वांगी, टोमॅटो, माठ, मेथी लावतो. विकतची खते घालायची नाहीत, घरच्या लेकरांच्या पोटात जाणारी भाजी स्वच्छ असावी, हा आपला हेतू.

आणि ही भाजी म्हणजे हौस नव्हे. सन १९९२-९३ साली आपल्याच जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीची लहान मुले कुपोषणाने गेली, ते दुःख या भागातील आई विसरलेली नाही. परसबागेतली मूठभर पालेभाजी आणि चार टोमॅटो मुलाच्या ताटात पडावेत, म्हणूनच हा खटाटोप. तेव्हा ज्या किड्यामुळे आपली रोपे जमिनीवर यायच्या आत मरतात, तो किडा केवढा आहे हे न बघता तो काय करतो हे बघितले पाहिजे.

प्रथम ओळख करून घेऊ. चिलटे सगळी सारखी नसतात. पिकलेल्या केळ्यावर, फणसाच्या गऱ्यांवर घोंघावणारी तांबूस डोळ्यांची चिलटे वेगळी. ती फळाला येतात, मातीला नव्हे. डास वेगळा, तो चावतो आणि साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. कुंडीतील चिलट काळपट, लांब पायांचे, दिसायला लहानशा डासासारखे, पण ते माणसाला चावत नाही. त्याला फार उंच किंवा दूर उडताही येत नाही. मातीवरून धावते, कुंडीभोवती घिरट्या घालते आणि परत मातीवर बसते. इंग्रजीत त्याला 'फंगस नॅट' म्हणतात, म्हणजे बुरशीवर जगणारे चिलट. धिंगरी अळंबी पिकवणाऱ्या लोकांना ते चांगलेच ठाऊक आहे, कारण अळंबी म्हणजे बुरशीच, आणि अळंबीच्या खोलीत शिरले की ते पीक खराब करते. म्हणून ते लोक खिडक्यांना बारीक जाळी लावतात.

आता मुख्य गोष्ट. उडते ते चिलट आपल्या झाडाचे काहीच खात नाही. नुकसान करते ती मातीतली अळी. चिलटाची मादी ओल्या मातीच्या भेगांत शंभर ते दोनशे अंडी घालते. चार-सहा दिवसांत अंडी फुटतात. अळी पांढरट, जवळजवळ आरपार दिसणारी, दोऱ्याएवढी बारीक, आणि तिचे डोके मात्र चकचकीत काळे. ही अळी दोन आठवडे मातीच्या वरच्या दोन-तीन इंचांत राहते. कुजका पाला आणि मातीतली बुरशी हे तिचे मुख्य अन्न. ते कमी पडले किंवा अळ्या फार झाल्या, की ती रोपाची केसासारखी मुळे कुरतडते आणि कोवळ्या देठात शिरते. मग तिचा कोश होतो, चार-पाच दिवसांत नवे चिलट बाहेर पडते, आणि पुन्हा अंडी. अंड्यापासून चिलटापर्यंत सारे तीन-चार आठवड्यांत उरकते. उष्ण दिवसांत त्याहूनही लवकर.

मोठ्या झाडाला चार मुळे गेल्याने फारसे बिघडत नाही. पण मिरचीचे दोन पानांचे रोप, किंवा पिशवीत नुकतीच लावलेली मोगऱ्याची छाट, यांची मुळेच मुळी दोन-चार असतात. आपल्या जव्हार-विक्रमगड भागात मोगऱ्यावर कितीतरी घरांचा संसार चालतो, म्हणून मोगऱ्याचे नाव मुद्दाम घेतले. मुळे गेली की रोप मान टाकते. शिवाय त्या जखमेतून बुरशीचा रोग आत शिरतो आणि रोप मुळाशी पिचकून आडवे पडते. त्याला आपण 'रोपे कोलमडली' असे म्हणतो.

आणि इथेच आपली गल्लत होते. रोपाने मान टाकली की बाई काय करते? तांब्याभर पाणी आणून ओतते. बिचारे तहानले, असे तिला वाटते. माती ओली आहे आणि तरी रोप सुकले आहे, हे तिच्या ध्यानात येत नाही. मुळे नसतील तर पाणी पिणार कोण? पाणी जास्त झाले की माती आणखी ओली, बुरशी आणखी वाढली, अळीला आणखी खाणे मिळाले, चिलटे दुप्पट झाली. आमच्या आळीतल्या एका वहिनींची वांग्याची रोपे अशीच गेली. दिवसातून तीनदा त्या पाणी घालीत, आणि तेही दूरच्या विहिरीवरून डोक्यावर आणलेले. म्हणजे हंडा वाहून मान दुखली, आणि त्याच पाण्याने रोप मेले! भगिनींनो, आजच्या माझ्या बोलण्यातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: चिलट दिसले की औषध शोधू नका, आधी पाणी थांबवा.

पाणी थांबवायचे म्हणजे किती? त्याला मोजमाप लागत नाही. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. कोरडे लागले तर पोटभर पाणी द्या, खालून निथळू द्या, आणि पुन्हा बोटाला कोरडे लागेपर्यंत थांबा. रोज थोडे थोडे शिंपडण्याने वरची माती कायम ओली राहते आणि खालची मुळे कोरडी राहतात, म्हणजे दोन्हीकडून तोटा. वरचे दोन इंच सुकले की अंडी आणि बारीक अळ्या तिथल्या तिथे वाळून जातात. लहान कुंडी असेल तर परातीत दोन बोटे पाणी घेऊन कुंडी त्यात अर्धा तास ठेवावी. माती खालून पाणी ओढून घेते आणि वरचा थर कोरडा राहतो. मात्र उरलेले पाणी परातीत तसेच सोडू नये, नाहीतर चिलटे जातील आणि डास येतील. डब्याला, पोत्याला तळाशी भोके हवीतच. पावसाच्या झडीत रोपांचे डबे पागोळ्यांखाली न ठेवता पडवीत, उजेडाच्या बाजूला आणावेत.

आता ही चिलटे आपल्या घरी येतात कशी, ते पाहू. आपण सेंद्रिय माती वापरतो म्हणून चिलटे येतात, हे खरे आहे. पण ती खताला येत नाहीत, कच्च्या खताला येतात. गोठ्यातून काढलेले शेण पंधरा दिवसांत कुंडीत टाकले, की ते तिथेच कुजू लागते आणि बुरशी धरते. पुरते कुजलेले खत काळसर, भुसभुशीत असते. त्याला शेणाचा वास येत नाही, पावसाच्या पहिल्या मातीसारखा वास येतो. ढिगात हात घातला तर ऊब लागत नाही. मुठीत दाबले तर गोळा होतो आणि बोटाने टोचले की मोकळा होतो. असे झाले की खत तयार. शंका असेल तर थोड्या खतात मूठभर मेथी पेरून पाहावी. मेथी नीट उगवून हिरवी उभी राहिली तर मिरचीची रोपे टाकायला हरकत नाही. गांडूळखतही चांगले चाळून, थोडे सुकवून वापरावे आणि पोत्याचे तोंड बांधून ठेवावे.

दुसरी सवय म्हणजे स्वयंपाकघरातले सगळे कुंडीत नेऊन ओतण्याची. चहाचा चोथा, तांदळाचे धुवण, डाळीचे पाणी, भाजीची देठे. वाया जाऊ नये ही भावना चांगली आहे, पण त्याची जागा कुंडी नव्हे, खताचा खड्डा होय. तांदळाच्या धुवणाने मातीवर पांढरी साय धरते, ती बुरशीच. चोथ्याचा तर थरच बसतो. आपण झाडाला खाऊ घालतो असे समजतो, आणि खातात चिलटाच्या अळ्या.

आपल्या वाडवडिलांना हे किडे पुस्तकातून ठाऊक नव्हते, पण रोपाची माती आधी शुद्ध केली पाहिजे हे ठाऊक होते. राब भाजणे म्हणजे दुसरे काय? भाताची आणि नागलीची रोपे टाकण्याआधी त्या तुकड्यावर शेण, झाडाचे कवळ, गवत, पातेरा यांचे थर द्यायचे, वर मातीचा पातळ थर टाकायचा आणि पेटवायचे. वरच्या मातीतले तणाचे बी मरते, किडे-अळ्या मरतात, राख मिळते, आणि मग त्यात रोप जोमाने येते. पण राबासाठी पुष्कळ झाडे छाटावी लागतात, आणि पाला जळून गेला की मातीला मिळायचा तोही जातो. आपल्या कुंड्यांसाठी एवढ्या जाळपोळीची गरज नाही. आपल्याकडे चैत्र-वैशाखाचे ऊन आहे, तेच पुरे.

त्याची रीत अशी. रोपांसाठी लागणारी माती आणि खत मिसळून, किंचित ओलावून, अंगणात उन्हाच्या जागी वीतभर जाडीचा थर पसरावा. त्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद ताणून घालावा आणि चारही कडा मातीने दाबून बंद कराव्यात. काळा कागद नको, आरपार दिसणारा हवा. म्हणजे ऊन आत जाते आणि उष्णता आत कोंडून राहते. चार ते सहा आठवडे तसेच ठेवावे. इस्रायल देशात शास्त्रज्ञांनी ही रीत अभ्यासून सन १९७६ मध्ये लोकांपुढे मांडली, आणि आज उष्ण देशांतले शेतकरी तिचा उपयोग करतात. घाई असेल आणि माती घमेलाभरच हवी असेल, तर तिच्यावर खळखळते पाणी ओतून, झाकून ठेवून, दुसऱ्या दिवशी निथळवून वापरावी. ओतताना मुलांना दूर ठेवावे. पण एक ध्यानात असू द्या, शुद्ध केलेली माती उघडी ठेवली तर मादी पुन्हा येऊन बसेलच. म्हणून पेरणीपर्यंत ती झाकून ठेवावी.

आता ज्यांच्या कुंड्यांत चिलटे आधीच झाली आहेत त्यांनी काय करावे? आधी अळ्या आहेत की नाहीत याची परीक्षा करावी. कच्च्या बटाट्याची अर्धा इंच जाडीची चकती कापून ती मातीवर हलकेच दाबून ठेवावी आणि दोन-तीन दिवसांनी उलटून पाहावी. अळ्यांना बटाटा आवडतो. काळ्या डोक्याचे पांढरे दोरे चकतीखाली जमलेले दिसतील. ती चकती तशीच साबणाच्या पाण्यात बुडवावी आणि नवी ठेवावी. ही परीक्षाही झाली आणि थोडा उपायही झाला.

उडणाऱ्या चिलटांसाठी पिवळा रंग वापरावा. या चिलटांना पिवळ्या रंगाची ओढ असते. पिवळ्या पुठ्ठ्याचा किंवा डब्याच्या पिवळ्या झाकणाचा तुकडा घेऊन त्याला एरंडेल तेल चोपडावे आणि मातीच्या अगदी जवळ आडवा ठेवावा. उंच टांगून उपयोग नाही, कारण हे चिलट उंच उडत नाही. दर चार दिवसांनी पुसून नवे तेल लावावे आणि किती चिकटली ते मोजावे. आकडा उतरू लागला म्हणजे आपला उपाय लागू पडला. याने मादी काही प्रमाणात पकडली जाते, पण मातीतली अळी मरत नाही, म्हणून एवढ्यावर समाधान मानू नये.

मातीसाठी आपला कडुनिंब आहे. निंबोळीची पूड पन्नास ग्रॅम घेऊन एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी फडक्याने गाळावी आणि माती सुकून पाण्याची वेळ आली की त्या दिवशीच्या पाण्याऐवजी हा अर्क घालावा. आठवड्याने पुन्हा. निंबोळीने किडा एका झटक्यात मरत नाही. अळीची वाढ खुंटते आणि ती पुढे चिलट होऊ शकत नाही. मातीवर अर्धा इंच जाड वाळूचा थर दिला, तर तो लवकर सुकतो आणि मादीला अंडी घालायला ओली जागा मिळत नाही. पण वरून रोज पाणी शिंपडून तो थर ओलाच ठेवला तर वाळू घालून काही मिळाले नाही असे समजावे.

आणखी एक उपाय सांगते. सन १९७६ मध्येच, इस्रायलच्या वाळवंटी भागातल्या एका डबक्यात शास्त्रज्ञांना एक जिवाणू सापडला. त्याचे नाव लांबलचक आहे, थोडक्यात त्याला 'बीटीआय' म्हणतात. तो डासांच्या अळीच्या पोटात गेला की तिचे आतडे निकामी होते. आपल्या देशात डासांच्या अळ्या मारण्यासाठी तो वापरतात. हाच जिवाणू कुंडीतल्या चिलटांच्या अळीलाही लागू पडतो. माणसाला, गुराला, मधमाशीला त्याची बाधा होत नाही. मात्र अंड्यावर आणि कोशावर तो चालत नाही, म्हणून आठवड्या-आठवड्याने तीन-चार वेळा द्यावा लागतो. कोणाला मिळाला तर वेष्टणावरचे प्रमाण वाचून, नाहीतर लेकीकडून वाचून घेऊन, वापरावा.

काहीही केले तरी धीर धरावा लागेल. चार दिवसांत चिलटे गेली नाहीत म्हणून उपाय सोडू नये. मातीत अंडी आहेत, कोश आहेत, ते आपल्या वेळेने बाहेर पडणारच. एक पिढी सरायला महिना लागतो, तेव्हा महिनाभर नेमाने करावे.

आता काय करू नये, ते कळकळीने सांगते. रॉकेल ओतू नये. माती नासते, रोपही मरते. आणि शेतासाठी आणलेले दाणेदार विष चिमूटभर घेऊन कुंडीत टाकण्याची जी सवय होती, ती कायमची सोडावी. फोरेट नावाचे ते दाणे आणि डायक्लोरव्हॉस नावाचे फवारणीचे औषध, ही दोन्ही इतकी जहाल की सरकारने ३१ डिसेंबर २०२० पासून त्यांच्यावर बंदी घातली. तरी एखाद्या घराच्या माळ्यावर जुनी पुडी पडलेली असू शकते. घरी गेल्यावर बघा. सापडली तर ती विहिरीत, ओहोळात किंवा खताच्या ढिगात टाकू नका. मुलांच्या हाताला लागणार नाही अशी कुलपात ठेवून कृषी खात्याच्या कर्मचाऱ्यांना दाखवा. ज्या कुंडीतली कोथिंबीर आपण खुडून वरणावर घालतो, ज्या मातीत रांगते मूल हात घालते आणि तोच हात तोंडात घालते, त्या मातीत असले विष घालायचे, तेही न चावणाऱ्या तिळाएवढ्या चिलटासाठी! हा व्यवहार कोणत्याही आईला पटणार नाही.

कोणी विचारील, मग सेंद्रिय मातीच सोडली तर? तसे मुळीच नको. हेच चिलट रानात गळलेल्या पाल्यावर जगते आणि पाल्याचे खत व्हायला हातभार लावते. देवाने त्याला काम नेमून दिले आहे, ते आपल्या कुंडीत येऊन बसले एवढाच त्याचा अपराध. कुजायचे ते खड्ड्यात पुरते कुजवून मगच कुंडीत आणले, आणि पाणी मोजून घातले, तर ते आपल्याकडे फिरकण्याचे कारणच उरत नाही. चिलटे झाली म्हणजे माती वाईट, असे नाही. माती फार ओली आहे, एवढाच निरोप ती आपल्याला देतात.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवते. प्रत्येकीने वेगळी धडपड करण्यापेक्षा, आपण होळीनंतर मंडळाच्या जागेत एक सामाईक खताचा ढीग चाळून घ्यावा, चैत्र-वैशाखात तेवढी माती प्लॅस्टिकखाली उन्हात तापवावी, आणि रोहिणी लागायच्या सुमारास पडवीत मिरची, वांगी, टोमॅटोची रोपे एकत्र टाकावीत. पाण्याची पाळी ठरवावी आणि जिची पाळी असेल तिने आधी बोट घालून बघावे, मगच तांब्या उचलावा. आवणीची कामे सुरू होण्याआधी प्रत्येक सभासद भगिनीला पंचवीस-तीस निरोगी रोपे घरी नेता येतील. ज्या घरात लहान मूल आहे किंवा बाळंतीण आहे, त्या घराला पहिल्यांदा द्यावीत. खर्च फक्त एका प्लॅस्टिकच्या कागदाचा. बाकी ऊन, शेण आणि हात आपलेच आहेत.

 सूचनेवर चर्चा व्हावी अशी अध्यक्षबाईंना विनंती करून मी आपली रजा घेते.